क्योतोचा एक अडत्या चित्रकार

इतो जाकुचू या जपानी चित्रकाराचे कोंबडे इंटरनेटवर सगळ्यांनी पाहिले असतील. लालभडक तुरा, एकेक पीस वेगळं मोजता येईल असं. २०१६ साली त्याच्या जन्माला ३०० वर्षं झाली, तेव्हा तोक्योतल्या प्रदर्शनाबाहेर लोक पाच-पाच तास रांगेत उभे होते. त्याच्याबद्दल सांगितलं जातं ते ठरलेलं असतं: विक्षिप्त, एकलकोंडा, लग्न न केलेला, धंद्यात लक्ष नसलेला माणूस. क्योतोत त्याच्या मागावर फिरताना मला हे वर्णन काही पटेना.

सुरुवात निशिकी बाजारातून केली. शिजो स्थानकातून वर आलं की पाच-दहा मिनिटांत हा छपराचा अरुंद बोळ लागतो. १७१६ मध्ये जाकुचू जन्मला तो इथल्याच 'मासुया' या घाऊक भाजीच्या पेढीत, थोरला मुलगा म्हणून. आपल्याकडे ज्याला अडत्या म्हणतात, तसं हे घराणं. आता भाजी कमी आणि काडीला टोचलेले छोटे ऑक्टोपस जास्त दिसतात. पण लोणच्यांची पिंपं, गोल गरगरीत वांगी, कांद्याच्या लांबच लांब पाती अजून आहेत. दुकानांच्या शटरांवर त्याची चित्रं रंगवलीत. ती बघायची तर दुकानं बंद झाल्यावर जायला हवं, आणि दुकानं बंद झाल्यावर खायला काही मिळत नाही. मी पोटाची बाजू घेतली.

विशी ओलांडली तोच वडील गेले आणि पेढी त्याच्या गळ्यात पडली. चाळिशीत, १७५५ साली, ती धाकट्या भावाकडे सोपवून तो पूर्णवेळ चित्रं काढू लागला. त्याचा मित्र, झेन भिक्षू दायतेन, लिहून गेलाय की त्यानं अंगणात कोंबड्या पाळल्या आणि त्या नीट बघून मगच कागदावर उतरवल्या. पण १७७१च्या अखेरीस प्रतिस्पर्धी बाजाराच्या खटपटींमुळे निशिकीवर बंदी आली, तेव्हा हाच 'धंद्यात लक्ष नसलेला' माणूस मोहल्ल्याचा वडीलधारी म्हणून कचेरीत अर्जांमागून अर्ज करत होता. बाजाराला माल पुरवणाऱ्या गावच्या शेतकऱ्यांनाही त्यानं अर्ज करायला लावले. १७७४ मध्ये बाजार पुन्हा उघडला. मला तरी हा माणूस एकलकोंडा वाटत नाही.

त्याच्या एका चित्रात एक मुळा निर्वाणाला चाललाय. पालथ्या टोपलीवर मोठा दाइकोन, म्हणजे जपानी मुळा, आडवा पडलाय आणि भोवती सलगम, भोपळे, वांगी, मशरूम शोक करताहेत; बुद्धाच्या निर्वाणचित्रांतल्या सालवृक्षांच्या जागी मक्याची ताटं. ते क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीचं आहे, पण नेहमी मांडलेलं नसतं. मला छापील प्रतीवर भागवावं लागलं. अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातला पहुडलेला बुद्ध पाहिलेल्या माणसाला त्याची मांडणी लगेच ओळखू येते. याला थट्टा म्हणणारे आहेत. मला ती थट्टा वाटत नाही. जन्मभर जे हाताळलं, त्याच्यातही बुद्ध आहे असं मानणाऱ्या भाविकाचं चित्र आहे ते.

निशिकीहून भुयारी रेल्वेनं इमादेगावा स्थानक, आणि तिथून चालत शोकोकुजी हे झेन देऊळ. रेशमावरची ३० प्राणी-पक्ष्यांची, माशांची, फुलांची चित्रं दहाएक वर्षं खपून काढली आणि त्यानं या देवळाला देऊन टाकली. काही ठिकाणी रेशमाच्या मागच्या बाजूनंही रंग दिलाय, म्हणून पांढरी पिसं आतून उजळल्यासारखी दिसतात. एका माशासाठी वापरलेला प्रशियन निळा रंग जपानी चित्रातला सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी मानतात. मेइजी काळात (१८६८ नंतर) देवळाचे हाल झाले, तेव्हा १८८९ मध्ये ही चित्रं राजघराण्याकडे गेली आणि बदल्यात १०,००० येन मिळाले. त्या पैशांवर देवळानं आपली जमीन राखली. देवळाच्या संग्रहालयात आता दिसतात ती किंकाकुजी या देवळासाठी १७५९ मध्ये काढलेली शाईची चित्रं: द्राक्षाची वेल आणि चांदण्यातली केळ. केळीची फाटकी पानं कोकणातल्या कुणालाही घरची वाटतील. रंगीत कोंबड्यांपेक्षा मला हीच जास्त आवडली.

१७८८च्या आगीत निम्म्याहून जास्त क्योतो जळलं, त्याचं घरही गेलं. म्हातारपणी तो क्योतोच्या फुकाकुसा भागातल्या सेकिहोजी देवळाजवळ राहायला गेला. एका चित्राचे एक 'तो', म्हणजे साधारण १८ लिटर, तांदूळ असा भाव ठेवला आणि सहीही तशीच करू लागला. शेजारच्या फुशिमी इनारी या देवस्थानात खांद्याला खांदा लागतो. इथे मी, एक आजोबा आणि वेळूचं बन. त्याच्या रेखाटनांवरून पाथरवटांनी घडवलेले दगडी अर्हत, म्हणजे बुद्धाचे शिष्य, चढावर विखुरलेत. झिजून काहींचे चेहरे गेलेत, काही अजून खुदकन हसतात. फोटो काढायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे. १८०० मध्ये तो इथेच वारला, कबरही इथेच आहे. दुसरी शोकोकुजीत, ती त्यानं जिवंतपणीच करवून घेतली होती. उन्हाळ्यात जाणार असाल तर डासांचं मलम न्या. बनातले डास फार आहेत.