मनसर, कामठी, सीताबर्डी: भूपट्टांच्या खुणा कुठे आणि कशा बघायच्या

भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या प्लेटांचा, विषय निघाला की बोलणं थेट हिमालयावर जातं. नागपूर प्लेटच्या पोटात आहे, काठावर नाही, म्हणून इथे काही घडतच नाही, असा बऱ्याच जणांचा पक्का समज असतो. तो अर्धाच बरोबर आहे. आज इथे काठ नाही, पण एकेकाळी होता. जबलपूर रोडने मनसरपर्यंत जायचं आणि कामठीवरून शहरात परतायचं, एवढ्या पट्ट्यात प्लेटांची टक्कर, प्लेटचं ताणलं जाणं आणि लाव्हा या तिन्हींच्या खुणा आहेत. सुरुवात मनसरहूनच करावी. सगळ्यांत जुना खडक तिथे आहे, आणि क्रम उलटा झाला की कशाचीच संगती लागत नाही.

सोबत १० पट दाखवणारं भिंग, क्लायनोमीटर (थर किती तिरका आहे ते मोजणारा काटा) असलेलं होकायंत्र, लोखंडी खिळा आणि ड्रॉपरच्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्या. दुकानातलं ॲसिड साधारण ३० टक्क्यांचं असेल तर १ भाग ॲसिडला २ भाग पाणी पुरतं. आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलं तर ते अंगावर उडतं.

मनसर-रामटेकचे खडक सौसर समूहाचे, म्हणजे सौसर नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या थरांच्या गटातले. मुळात हा समुद्रतळावरचा गाळ: वाळू, चिखल, चुना आणि मॅंगनीज. उत्तरेकडचा बुंदेलखंडाचा आणि दक्षिणेकडचा बस्तरचा, असे दोन जुने भूखंड एकमेकांवर आदळले आणि मधला गाळ चिमटीत सापडला. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी तो दाबाने आणि उष्णतेने पार बदलला. वाळूचा क्वार्टझाइट झाला, चिखलाचा अभ्रकी शिस्ट, चुन्याचा संगमरवर. मॅंगनीज मिसळलेल्या वाळूचिखलाचा जो खडक झाला त्याला लुईस ली फर्मोर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून गोंडाइट असं नाव दिलं, आणि जगभर तेच नाव चालतं. मॅंगनीजच्या खदानीत परवानगीशिवाय जाऊ नये. गोंडाइटचा तुकडा हातात आला तर आधी त्याचं वजन बघा, त्याच मापाच्या साध्या दगडापेक्षा तो जड लागतो. बाहेरून काळाकुट्ट असतो, पण ताज्या फुटलेल्या बाजूवर भिंग धरलं की क्वार्ट्झच्या कणांमध्ये नारिंगी-तपकिरी बारीक दाणे दिसतात. ते स्पेसार्टाइन, म्हणजे मॅंगनीजचा गार्नेट. साध्या गाळात असा गार्नेट तयार होत नाही. त्यासाठी तो गाळ जमिनीत खोल जाऊन तापावा लागतो. टक्करीची मला तरी याहून चांगली खूण माहीत नाही.

संगमरवरावर ॲसिडचा थेंब टाकला आणि फेस आला नाही, म्हणून तो बाद करू नका. इथला पुष्कळसा संगमरवर डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुन्याच्या खनिजाचा, आहे. खिळ्याने खरवडून भुकटी करा आणि तिच्यावर थेंब टाका, मग हळू फेस येतो.

थरांचा कल मोजताना दोन चुका नेहमी होतात. शिस्टमध्ये अभ्रकाची पानं ज्या दिशेने लागलेली असतात ती दाबाने आलेली दिशा असते, मूळ थर नव्हे. मूळ थर ओळखायचा तर रंग किंवा कणांचा आकार कुठे बदलतो ते बघा. दुसरी चूक होकायंत्राची. काही मॅंगनीज खनिजं चुंबकीय असतात, बेसॉल्टमध्येही (थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकातही) मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, त्यामुळे सुई भरकटते. दगडावर एकदा आणि चार-पाच पावलं दूर जाऊन त्याच रेषेत पुन्हा मोजा. वाचन वेगळं आलं तर दुरूनच रेषा धरा. मोबाइलच्या कव्हरमध्ये चुंबक असेल तर ते कव्हर काढल्याशिवाय ॲपवर विसंबू नका.

कामठीला चित्र पालटतं. इथे जमीन दाबली गेली नाही, ताणली गेली. सुमारे २५-३० कोटी वर्षांपूर्वी गोंडवन हा महाखंड अखंड असताना त्याच्या पोटात भेगा पडल्या, मधले पट्टे खचत गेले, आणि त्या खोलगटांत नद्यांनी वाळू आणि झाडपाला भरला. तळ खचण्याचा आणि गाळ भरण्याचा वेग जुळला तरच वनस्पतींचे जाड थर पाण्याखाली टिकतात. तो मेळ इथे बसला, म्हणून कामठी, उमरेड आणि वर्धा खोऱ्यात कोळसा आहे. कामठीच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात. हीच पानं दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही मिळाली आहेत. या वालुकाश्मात तिरकी बारीक रेघोटी दिसली तर तिला थराचा कल समजू नका. ती जुन्या प्रवाहाने रचलेली वाळू असते, आणि खुद्द थर जवळपास आडवाही असू शकतो.

शहरात शिरल्यावर सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स, दोन्ही बेसॉल्टच्या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय प्लेट हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या तप्तबिंदूवरून, म्हणजे खोलातून उष्णता वर येते अशा जागेवरून, सरकत होती तेव्हा हा लाव्हा ओतला गेला. सह्याद्रीत त्याची जाडी दीड किलोमीटरच्या पुढे जाते, नागपूर मात्र त्याच्या पूर्वेकडच्या पातळ कडेवर आहे. एकोणिसाव्या शतकात नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इथल्याच टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म शोधले. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये इथे तळं साचून त्यात जीव वाढण्याइतका वेळ गेला होता. बेसॉल्टचे गोल गोटे दिसले की लोक नदीचे समजतात. बरेचसे जागच्या जागी, कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल झालेले असतात. पापुद्रा हाताने निघतो का ते बघा.

लाव्ह्याच्या याच कडेमुळे शेती बदलते. पश्चिमेला काटोल-नरखेडकडे बेसॉल्टच्या मातीत संत्रा आणि कापूस, तर पूर्वेला भंडाऱ्याकडे जुन्या खडकांवर धान.

प्लेट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे ७० वर्षांत झिरो माईलचा दगड साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो. समोर आशिया अडवतो, तो दाब आतपर्यंत पोचतो आणि जुन्या कमकुवत भेगांवर मोकळा होतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप नर्मदेच्या अशाच जुन्या पट्ट्यावर झाला, सुमारे ३५ किलोमीटर खोलवर. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही प्लेटच्या पोटातलाच, पण उथळ, म्हणून नासधूस भयंकर. इमारतींसाठीच्या २०१६ च्या भूकंप संहितेत नागपूर झोन २ मध्ये होतं. झोन २ म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे.

भिंतीला तडा गेला की मात्र लगेच भूकंपावर ढकलू नका. बेसॉल्टपासून झालेली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असेल तर भिंत तिरकी फाटते. तड्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी लावा, तारीख लिहा, आणि वर्षभर दर महिन्याला तड्याची रुंदी मोजून ठेवा. एप्रिल-मे मध्ये तो रुंदावला आणि ऑगस्टमध्ये आवळला, तर काम मातीचं आहे.