चॅप्टर ११मध्ये करार कसा मोडतो

अमेरिकेतली विमान कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणजे बंद पडली, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. चॅप्टर ११मध्ये, म्हणजे कंपनी चालू ठेवून तिची देणी नव्याने बसवण्याच्या दिवाळखोरी प्रक्रियेत, मात्र विमानं उडत राहतात, तिकिटं विकली जातात, बहुतेकदा साहेब लोकही तेच असतात. पगारही थांबत नाही. अर्ज दाखल झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच कंपनी मागचा पगार चुकता करायची परवानगी न्यायालयाकडून घेते, कारण वैमानिक आणि मेकॅनिक आलेच नाहीत तर वाचवायला काही उरत नाही. त्यामुळे सुरुवातीला कर्मचाऱ्यांना वाटतं, निभावलं. खरा घाव पुढे, युनियनच्या करारावर बसतो.

२४ सप्टेंबर १९८३ला फ्रँक लोरेन्झो यांच्या कॉन्टिनेन्टल या विमान कंपनीने अर्ज केला, करार झुगारले आणि काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास पगारावर उड्डाणं पुन्हा सुरू केली. १९८४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बिल्डिस्को खटल्यात असा एकतर्फी मार्ग मोकळा ठेवला. त्यावर ओरड झाली आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याच वर्षी दिवाळखोरी कायद्यात कलम १११३ घातलं.

या कलमानुसार कंपनीने आधी युनियनपुढे कपातीचा प्रस्ताव ठेवायचा, त्यामागचे आकडे द्यायचे आणि प्रामाणिकपणे वाटाघाटी करायच्या. कपात कंपनी सावरण्यासाठी ‘आवश्यक’ तेवढीच हवी आणि तिचा भार व्यवस्थापन, घेणेकरी, कर्मचारी अशा सगळ्यांवर न्याय्य पडायला हवा. युनियनने सबळ कारणाशिवाय नकार दिला आणि पारडं स्पष्टपणे कंपनीकडे झुकलं, तरच न्यायाधीश करार रद्द करू देतात. करार रद्द करण्याचा अर्ज केल्यानंतर सुनावणी साधारण १४ दिवसांत सुरू व्हावी लागते. वर्षानुवर्षं चाललेल्या वाटाघाटींपुढे ही मुदत फारच अपुरी आहे. युनियनचा हिशेबनीस कंपनीची व्यवसाय योजना समजून घेईपर्यंत तारीख उभी राहते.

सगळी मेख ‘आवश्यक’ या शब्दात आहे. तिसऱ्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा न्यायविभाग) अपील न्यायालयाने १९८६मध्ये तो कडक धरला: कंपनी बुडू नये म्हणून लागेल तेवढंच. न्यूयॉर्क ज्यात येतं त्या दुसऱ्या सर्किटने १९८७मध्ये तो सैल केला: कंपनी पुढेही टिकावी म्हणून जे लागेल ते. डेल्टा अटलांटाची, नॉर्थवेस्ट मिनेसोटाची, अमेरिकन एअरलाइन्स टेक्ससची, आणि तिघींचे दिवाळखोरीचे अर्ज न्यूयॉर्कमध्ये. हा निव्वळ योगायोग आहे, असं मला वाटत नाही.

न्यायाधीश नाही म्हणतात तेव्हाही फार काही हाती लागत नाही. ऑगस्ट २०१२मध्ये अमेरिकनच्या वैमानिकांचा करार रद्द करायला नकार मिळाला, पण आक्षेप दोनच बाबींवर होता: कोडशेअरची, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या उड्डाणांची तिकिटं आपल्या नावाने विकण्याची, मोकळीक आणि वैमानिकांना घरी बसवण्याची मोकळीक. कंपनीने तेवढं बदललं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परवानगी मिळवली. म्हणून बहुतेक युनियन निकालाची वाट न पाहता पडतं घेऊन सही करतात.

मग संप? विमान कंपन्यांना रेल्वे लेबर अ‍ॅक्ट हा संपावर बंधनं घालणारा कायदा लागू होतो. नॉर्थवेस्टच्या केबिन क्रूने तडजोडीचे करार मतदानाने फेटाळले, २००६च्या जुलैअखेर कंपनीने आपल्या अटी लादल्या. क्रूने संपाची तयारी केली, तर न्यायालयाने मनाई केली आणि मार्च २००७मध्ये दुसऱ्या सर्किटने ती कायम ठेवली. करार मोडायला कंपनीला न्यायालयाचीच परवानगी होती, म्हणून तिने काही भंग केला नाही; समझोत्यासाठी प्रयत्न करत राहण्याचं युनियनवरचं बंधन मात्र तसंच उरलं. एकाला करारातून सोडवायचं आणि दुसऱ्याला कायद्याने बांधून ठेवायचं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पेन्शनचं गणित त्याहून जीवघेणं. ठरावीक रकमेची पेन्शन योजना कंपनीने मोडली की ती पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन, म्हणजे पीबीजीसी या पेन्शनची हमी देणाऱ्या सरकारी संस्थेकडे जाते. पीबीजीसी कायद्याच्या मर्यादेपर्यंतच हमी देते. २००५मध्ये संपलेल्या योजनांसाठी ६५व्या वर्षी पेन्शन घेणाऱ्याला ही मर्यादा वर्षाला ४५,६१४ डॉलर होती. ६०व्या वर्षी घेतली तर त्याच्या ६५ टक्के, म्हणजे २९,६४९ डॉलर. आणि डिसेंबर २००७पर्यंत मोठ्या विमान कंपन्यांच्या वैमानिकांना ६०व्या वर्षी उतरणं सक्तीचंच होतं! समजा, एखाद्याला महिना ८,००० डॉलर ठरले होते, तर हमी उरली २,४७० डॉलरच्या आसपास. शेवटच्या पाच वर्षांत मिळालेली वाढही पूर्ण धरली जात नाही. वर्षाला साधारण २० टक्के याप्रमाणेच ती हमीत येते. योजना संपण्याच्या तीन वर्षं आधीच निवृत्त झालेल्यांना किंवा निवृत्तीला पात्र असलेल्यांना योजनेतली शिल्लक वाटताना अग्रक्रम असतो, त्यामुळे शेजारी बसून उडणाऱ्या दोघांच्या हाती वेगळी रक्कम पडू शकते.

युनायटेडच्या चार योजना २००५मध्ये अशाच गेल्या. तूट ९.८ अब्ज डॉलर, पीबीजीसीची हमी ६.६ अब्जांची, उरलेले ३.२ अब्ज कर्मचाऱ्यांच्या खिशातून गेले. योजना गोठवणं यापेक्षा कितीतरी बरं: पुढची भर थांबते, पण कमावलेलं टिकतं. २००६च्या पेन्शन कायद्याने विमान कंपन्यांना गोठवलेल्या योजनांची तूट १७ वर्षांत भरायची सवलत दिली. डेल्टाच्या वैमानिकांची योजना मोडली, पण इतर कर्मचाऱ्यांची गोठवून वाचली. अमेरिकननेही २०१२मध्ये मोडण्याचा हट्ट सोडून गोठवण्याचा मार्ग धरला.

सवलतींच्या बदल्यात युनियन नव्या कंपनीचे शेअर मिळवू शकते, जसा अमेरिकनच्या वैमानिकांनी १३.५ टक्के वाटा मिळवला. घेणेकऱ्यांच्या समितीत जागा मिळाली तर आतले आकडे वेळेत दिसतात, म्हणून ती जागा मी सगळ्यात मोलाची मानतो.

एकट्या कर्मचाऱ्याने पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण चुकल्या तर महागात पडतात. अर्जाआधीच्या १८० दिवसांतल्या थकीत पगाराला माणशी १७,१५० डॉलरपर्यंत अग्रक्रम आहे (हा आकडा एप्रिल २०२५पासूनचा). वरची रक्कम बिनतारण देण्यांत जाते. दावा मुदतीत दाखल केला नाही तर तो सहसा बुडतो. ४०१(के)चे, म्हणजे कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निवृत्ती बचत खात्याचे, पैसे वेगळ्या ट्रस्टमध्ये असतात, घेणेकऱ्यांना हात लावता येत नाही. त्यात कंपनीचेच शेअर भरलेले असतील तर ती किंमत मात्र जाते. पगाराच्या स्लिपा आणि पेन्शनच्या अंदाजाची पत्रं जपून ठेवावीत. पीबीजीसी सुरुवातीला अंदाजे रक्कम देते, अंतिम निर्णयाला वर्षं लागतात, आणि जास्त दिल्याचं निघालं तर ते पुढच्या पेन्शनमधून वळतं करते, साधारणतः महिन्याला जास्तीत जास्त १० टक्के. निर्णय चुकला असेल तर अपिलाला ४५ दिवस मिळतात, आणि तेव्हा हीच जुनी कागदपत्रं दाखवावी लागतात.