चौथा नग भारतासाठी

आमच्या बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाला बायको 'कस्टम्स' म्हणते. डिस्नेलँडमधून आणलेला, भारतात न्यायचा माल तिथे येऊन अडकतो आणि काही केल्या सुटत नाही, म्हणून. गेल्या महिन्यात रजया ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तिने सगळं हॉलमध्ये काढून मांडलं आणि मला म्हणाली, "बस इथे. यातलं कुणाचं काय ते एकेक सांग. तुझं स्वतःचं काय, ते सगळ्यात शेवटी."

सांगायला लागलो. हे ताईच्या मुलीचं. हे जुन्या मॅनेजरच्या बाळाचं. हे मावशीच्या नातवाचं. ही किल्ल्यांची कीचेन 'कुणाला तरी द्यायला होतील' म्हणून. अर्धा तास झाला तरी माझं स्वतःचं असं काही निघेना. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि कागदोपत्री मी एकही वस्तू स्वतःसाठी घेतलेली नव्हती.

आम्ही टोकियोत निशीकासाईला राहतो. आयटीतल्या भारतीयांचा हा जुना मुक्काम. तूरडाळ, कढीपत्ता, तयार इडलीचं पीठ, सगळं पायी चालत मिळतं. इथून बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशनला गेलं की पुढचंच स्टेशन माइहामा, म्हणजे टोकियो डिस्नेलँड. पुण्याहून आलेले पाहुणे आयुष्यात एकदा बघायचं म्हणून येतात. मला शनिवारी दुपारी कंटाळा आला तरी जाता येतं, आणि घात तिथेच आहे.

लोकांना वाटतं खर्च तिकिटाचा. तिकीट ७,९०० ते १०,९०० येन, दिवस आणि गर्दी बघून. पण तिकीट एकदा काढलं की विषय संपतो, दुकानाचा संपत नाही. हे पार्क १९८३ पासून ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते, डिस्नेला रॉयल्टी देऊन. ही कंपनी दरवर्षी माणशी उत्पन्न जाहीर करते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १६,६०० येन होतं आणि त्यातला साधारण तीस टक्के वाटा दुकानातल्या वस्तूंचा. ही सरासरी झाली. तिच्यात फक्त एक पॉपकॉर्न घेऊन घरी जाणारी शहाणी माणसंही आली. ती सरासरी वर ढकलणारं कुणीतरी लागतंच, आणि त्या कामात माझा हातभार होता.

माझं प्रकरण सुरू झालं डफीपासून. डफी हे अस्वल आहे. कुठल्या सिनेमातून आलेलं नाही. मुळात ते अमेरिकेतल्या पार्कात 'डिस्ने बेअर' म्हणून विकायला आलं होतं आणि तिथे त्याचं फारसं काही झालं नाही. २००५ मध्ये टोकियो डिस्नेसीने, म्हणजे डिस्नेलँडला लागूनच्या दुसऱ्या पार्कने, त्याला नवं नाव आणि गोष्ट दिली. मिकी लांबच्या समुद्रप्रवासाला निघाला, त्याला एकटं वाटू नये म्हणून मिनीने हे अस्वल शिवून डफल बॅगेत घालून दिलं, म्हणून डफी. एवढीशी गोष्ट, पण जपान वेडा झाला. मग २०१० मध्ये शेलीमे आली, २०१४ मध्ये जेलाटोनी नावाचा चित्रकार मांजर, २०१७ मध्ये स्टेलालू नावाची सशीण. लिनाबेल ही कोल्हीण २०२१ मध्ये शांघायला जन्मली आणि पुढच्या वर्षी इकडे आली. एक घेतलं की ते एकटं पडतं. कंपनीने गोष्टच अशी रचली आहे की एकटं असणं हे दुःख, आणि त्यावरचा उपाय शेजारच्या फळीवर ठेवलेला.

इथे मोठी माणसं ही अस्वलं उघड बाळगतात. सूट घातलेला साठीचा गृहस्थ कडेवर डफी घेऊन ट्रेनमध्ये बसलेला मी पाहिलाय आणि डब्यात कुणी मान वळवली नव्हती. कॅफेत खेळणं टेबलावर बसवून आधी त्याचा फोटो, मग खाणं. त्यामुळे चाळिशीचा, मिशा असलेला कराडचा माणूस फळीसमोर उभा राहून अस्वल निवडतोय याचं इथे कुणालाच काही वाटत नाही. निवडावं लागतं, कारण प्रत्येकाचा चेहरा वेगळा निघतो. डोळ्यांतलं अंतर सुतभर कमीजास्त, नाक एखाद्याचं जरा खाली, गालावरची लव एका बाजूला दबलेली. दोन्ही हातांत दोन घेऊन तोलायची, एक ठेवायचं, तिसरं उचलायचं. आई बाजारात नारळ कानाशी हलवून घेते, तितक्याच गांभीर्याने. कर्मचारी मुलगी शांतपणे मागची चार आणखी पुढे काढून ठेवते. या कामात माझा तासभर कसा जायचा ते सांगता येणार नाही, आणि एवढ्या मेहनतीनंतर रिकाम्या हाताने कोण परततो?

अस्वल ही नुसती सुरुवात. त्याचे कपडे वेगळे. हॅलोविनचे, ख्रिसमसचे, नव्या वर्षाचे, उन्हाळ्याचे. माल असेपर्यंतच, संपला की परत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर आबांनी विचारलं, "ते मागं काय टांगलंय रे?" म्हटलं, अस्वलाचा किमोनो. आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "किती?" मी सांगितलं. "आणि अस्वल?" तेही सांगितलं. "म्हंजे कापडं अस्वलापरीस महाग," एवढं बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

इथल्या शौकिनांत एक अर्धवट थट्टेतला नियम आहे: आवडती वस्तू तीन घ्यावी. एक वापरायला, एक जपून ठेवायला, एक दुसऱ्याला नादी लावायला. मी त्यात चौथी घातली, भारतासाठी. माझं खरं दुखणं या चौथ्या नगात होतं आणि ते मला कपाट रिकामं झाल्यावर दिसलं. बाकीच्या तिन्हींना मन कधीतरी 'पुरे' म्हणायचं. चौथ्याला म्हणायचं कसं? तो तर दुसऱ्यासाठी होता. जपानात कुठे गेलं की ऑफिसात, शेजारी खाऊ आणायचाच अशी रीत. आपल्याकडे परदेशातून येणाऱ्याने बॅग उघडेपर्यंत घरातलं कुणी उठत नाही. या दोन रीती माझ्या डोक्यात एकत्र आल्या आणि मी स्वतःला उधळ्या समजायच्या ऐवजी दानशूर समजू लागलो.

त्या ढिगातला एक टी-शर्ट सांगतो. फिक्या निळ्या रंगाचा, छातीवर मिकीचा हातमोजा. इथे मुलांच्या कपड्यांचं माप उंचीवर असतं, सेंटिमीटरमध्ये. याच्या गळ्याशी ११० लिहिलेलं. म्हणजे साधारण पाच वर्षांचं मूल. प्लास्टिकची दोरी, किमतीचा कागद, सगळं जागच्या जागी. घडीच्या कडेला मात्र कापड पिवळट पडलेलं. ताईच्या मुलीसाठी घेतला होता, ती बालवाडीत असताना. त्या दिवाळीला बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून राहिला. पुढच्या खेपेला मी त्याच्यावर दुसऱ्या वस्तू घेतल्या आणि तो खाली गेला. ती आता नववीत आहे, ताईच्या खांद्याच्या वर. मी तिला फोन करून विचारलं, तुझ्यासाठी इथे बऱ्याच गोष्टी आहेत, काय आणू? ती म्हणाली, "मामा, ते ०.३८ चे जेल पेन मिळतात ना तिकडे, काळे? ते आण. बस." तो पेन कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो आणि डझनभर घेतले तरी अस्वलाच्या एका पँटीचे पैसे होत नाहीत.

पत्र्याच्या डब्यांबद्दल मात्र मी एक शब्द वाईट बोलणार नाही. चॉकलेट क्रंच, सेम्बेई म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, बिस्किटं यांचे रंगीत डबे असतात. खाऊ आठवड्यात संपतो, डबा राहतो. आमच्या ओट्यावर मोहरी, जिरं, हळद, धणे-जिरे पूड, सगळ्यांना एकेक राजकन्या मिळालेली आहे. बायकोने सगळ्या ढिगातून फक्त हेच हक्काने आपल्याकडे ओढले. पॉपकॉर्नच्या बादल्यांचं तसं नाही. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची बादली, ती नेली की परत भरून घ्यायला पैसे कमी लागतात, म्हणजे पुन्हा येण्याचं निमित्त. करी, सोयासॉस-बटर, कॅरॅमल अशा चवी, आणि करीच्या रांगेत हमखास आपली माणसं. पण झाकण घट्ट बसत नाही. शेंगदाणे ठेवून पाहिले, पावसाळ्यात चार दिवसांत सादळले.

पैशांचं सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्यावरच चाललं होतं. इथे क्रेडिट कार्डाला 'रिबो' नावाची सोय असते. कितीही खरेदी करा, महिन्याला ठरलेली रक्कमच कापली जाते. उरलेल्या बाकीवर वर्षाला साधारण १५ टक्के व्याज. माझ्या कार्डाने पॉइंट देऊ केले आणि मी ती चालू केली. कार्ड कुणाचं ते जाऊ द्या, हे बहुतेक सगळेच देतात. त्यानंतर अस्वल घेतलं काय, न घेतलं काय, बिल दर महिन्याला तेवढंच. माणसाला पैसे गेल्याचा जो चिमटा बसायला हवा, तोच काढून टाकलेला. बाकी ३,६०,००० येनपर्यंत गेली, तेव्हा व्याज महिन्याला ४,५०० झालं. म्हणजे दर महिन्याला एक लहान अस्वल नुसत्या व्याजात जात होतं आणि ते फळीवरही येत नव्हतं. हा हिशेब मी नाही, बायकोने केला, आणि उदाहरण मुद्दाम माझ्या भाषेत दिलं. बोनसमधून ती बाकी एकदम फेडली. त्या वर्षीची भारतवारी गेली.

मधल्या काळात तिने बरंच वाचलंही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने खरेदीच्या वेडाची नोंद शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी सूचीत वस्तू साठवून ठेवण्याच्या विकाराला स्वतंत्र जागा आहे, खरेदीच्या अतिरेकाला नाही. "तू दोघांच्या मधे लटकतोयस," ती म्हणाली. मला तसं वाटत नाही. साठवणाऱ्याचा वस्तूवर जीव असतो. माझा गल्ल्यापर्यंत असायचा. पिशवी हातात आली की पुढच्या फळीकडे लक्ष. घरी आल्यावर अर्ध्या पिशव्यांची चिकटपट्टीही निघायची नाही.

मग निकाल लावला. टॅग असलेल्या वस्तू मेरकारीवर, म्हणजे इथल्या जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकल्या. बंद झालेल्या कपड्यांना मूळ किमतीपेक्षा जास्त आले, टी-शर्टांना काहीच नाही. ते दोन मजले खालच्या बंगाली कुटुंबाच्या पोरांनी नेले. मेइजी देवळात दर शरद ऋतूत बाहुल्यांचे आभार मानून त्यांना निरोप देण्याचा विधी असतो. शेजारच्या आजींनी अस्वलं तिथे न्यायला सुचवलं. मला पटलं होतं. बायको म्हणाली, "विसर्जन करण्याइतकं त्यांनी आपलं काय केलंय?" शेवटी पहिला डफी आणि जेलाटोनी राहिले, बाकीचे नव्या घरी गेले.

पार्कात जाणं सोडलेलं नाही. समुद्राकाठची संध्याकाळ आणि तिथल्या रोषणाईसाठी मी कितीही वेळा जाईन. अडचण वेगळीच आहे. ज्या दिवशी तिकीट असेल, त्या दिवशी रात्री पावणेबारापर्यंत पार्कच्या ॲपवरून वस्तू घरबसल्या मागवता येतात. म्हणजे दुकानासमोरून नाक मुठीत धरून निघून आलं, आंघोळ केली, गादीवर पडलं, की दुसरी परीक्षा सुरू. म्हणून आता गेटमधून बाहेर पडलो की फोन बायकोकडे. मागच्या वेळी साडेअकराला मी अर्धवट झोपेत विचारलं, काय बघतेस? "काही नाही," म्हणाली. तीन दिवसांनी कुरियर आलं. सेम्बेईचा मोठा डबा, तिच्या नावाने. साखरेला झाकणाचा डबा नव्हता म्हणे.