सप्टेंबरातला बर्फ आणि शिकागोचे काका

२०२० चा ५ सप्टेंबर, शनिवार. डेन्व्हरला पारा १०१ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या ३८ अंशांच्या वर गेला होता. उत्तरेला कॅमेरॉन पीकचं जंगल तीन आठवडे जळत होतं आणि त्याच्या धुराने सूर्य तांबडाभडक दिसत होता. करोनामुळे मी घरूनच काम करत होते. टेबलासमोरच्या खिडकीतून मागच्या अंगणातली माझी टोमॅटोची आठ झाडं दिसायची. पहिली फळं नुकती पिकायला लागली होती.

आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. बिछाने, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं गाडीतच. ती भाड्याने देणाऱ्या कंपनीत मी गिऱ्हाइकांना रस्ता आखून देते. त्या उन्हाळ्यात विमानाची धास्ती घेतलेले लोक आमच्याकडे इतके आले, की एकही गाडी आवारात उभी नसायची.

दुपारी शिकागोहून फोन आला. आधी इंग्रजीत चाचपडत सुरुवात झाली. मग माझं आडनाव ऐकून पलीकडचा आवाज एकदम सैलावला, "अहो ताई, मराठीतच बोलू की!" काका मूळचे नाशिकचे, एस.टी.तून निवृत्त झालेले. डिसेंबरात मुलाकडे आले, मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि इथेच अडकले. मुलाला कॅलिफोर्नियात सॅन होजेला नवी नोकरी लागली होती. काकूंना दमा, त्यामुळे विमानात बसायचं नाही हे घरात ठरलेलं. रविवारी निघायचं होतं. गाडी मुलगा चालवणार होता, पण रस्ता काकांनी वहीत उतरवून ठेवला होता: पहिला मुक्काम डे मॉइन, दुसरा नॉर्थ प्लॅट, मंगळवारी रात्री लॅरमी. सरळ आय-८० महामार्ग.

मी हवामानाचं पान उघडलं. डेन्व्हरला सोमवारी नव्वदीच्या वर, मंगळवारी बर्फ. पुन्हा पाहिलं. लॅरमी ज्या राज्यात आहे, त्या वायोमिंगलाही तेच. कॅनडाकडून थंड हवेचा लोंढा डोंगरांच्या पूर्वेकडून खाली उतरणार होता आणि शायेन-लॅरमीचा पट्टा बरोबर त्याच्या वाटेत होता. त्या दोन गावांमध्ये जेमतेम ५० मैल अंतर, पण मध्ये शर्मन समिट, उंची ८,६४० फूट. अख्ख्या आय-८० वर याहून उंच जागा नाही. पुढे एल्क माउंटनपाशी वारा असा असतो, की उंच आणि हलक्या गाड्यांना रस्ता बंद करतात. यांची गाडी ३० फूट लांब, १२ फूट उंच, मागच्या चाकांवर चालणारी. चाकांना साखळ्या लावायला आमच्या करारातच मनाई. पोटाखाली पाण्याचे नळ, ते गोठून फुटले तर काकू आत कुडकुडत बसणार.

"सप्टेंबरात कसला बर्फ हो? इथे घामाच्या धारा लागल्यात," काका म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. माझ्याही कपाळावर घाम होता.

आकडे सांगून काही उपयोग होईना. शेवटी मी म्हटलं, "काका, माझ्या अंगणात टोमॅटो आहेत. सोमवारी रात्री मी त्यांच्यावर चादरी घालणार आहे. कपाटातून काढून ठेवल्यासुद्धा."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बागाईतदार माणूस उगाच चादर घालत नाही. सांगा दुसरा रस्ता."

दुसरा रस्ता म्हणजे खालून: सेंट लुइस, टल्सा, ओक्लाहोमा सिटी, अमरिलो, अल्बुकर्की, फ्लॅगस्टाफ, बार्स्टो. सगळा मिळून दोनशे-सव्वादोनशे मैलांचाच फरक. पण घाट इकडेही आहेत, फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे. म्हणून माझी खरी अट रस्त्याची नव्हती, थांबण्याची होती. मंगळवार-बुधवार ओक्लाहोमा सिटीच्या पुढे जायचं नाही. ते गाव बाराशे फुटांवर, थंडी तिथवर आली तरी पाऊसच पडेल. अल्बुकर्की ज्यात येतं ते न्यू मेक्सिको राज्य शुक्रवारी ओलांडायचं.

"दोन दिवस फुकट बसायचं?" मुलगा मागून म्हणाला. त्याला काकांनीच उत्तर दिलं. "कसाऱ्यात दरड पडली की गाडी इगतपुरीला उभी करायची. पुढं जाऊन बघतो म्हणणारा घाटात अडकतो." उताराचं मी सांगायला लागले, तर तेही त्यांनीच पुरं केलं: ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. मला फार बरं वाटलं. माझी निम्मी गिऱ्हाइकं हे ऐकूनच घेत नाहीत.

मंगळवारी सकाळी डेन्व्हर पांढरं झालं होतं. झाडांवर पानं अजून हिरवीगार आणि त्यांच्यावर ओला, जड बर्फ. फांद्या वाकून जमिनीला टेकलेल्या. सॉल्ट लेक सिटीच्या उत्तरेला त्याच दिवशी वाऱ्याने कितीतरी मालट्रक आडवे केले. रात्री अल्बुकर्कीत टिहेरास खिंडीतून आलेल्या वाऱ्याने झाडं उन्मळली. त्या खिंडीतूनच आय-४०, म्हणजे यांचा खालचा महामार्ग, जातो. मी थांबायला सांगितलं नसतं आणि मुलाने दामटली असती, तर खालच्या रस्त्यानेही ही मंडळी वाऱ्यात सापडू शकली असती. काकांचा निरोप आला: "थंडगार पाऊस आहे. पिठलं-भात झाला. बरे आहोत."

मला मात्र बर्फापुढे कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर दिसलाच नव्हता. बुधवारी सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश भरदिवसा नारिंगी झाल्याचे फोटो आले आणि पोटात गोळा आला. दम्याच्या बाईला मी बर्फातून काढून धुरात पाठवत होते. लगेच कंपनीशी बोलून गाडीचे तीन दिवस वाढवून घेतले आणि त्यांना फ्लॅगस्टाफला थांबवलं. तरी बेकर्सफील्डच्या पुढे खिडक्या घट्ट बंद करून, काकूंच्या हातात पंप देऊन त्यांना तो पट्टा काढावा लागला. ते मला टाळता आलं नाही, ही सल आहे.

पोचल्यावर काकांनी फोन केला. काकूंची तब्येत, मुलाचं नवं घर, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "आणि ताई, टोमॅटो?"

"आठातली पाच वाचली, काका."

"मग चादरी दोन-दोन घालायला हव्या होत्या," ते म्हणाले.