तुम्ही सभागृहात उभ्या राहून का बोलत नाही?

“महापालिकेत एवढे खेटे घालता, मग एकदा भर सभेत उभ्या राहून सुनावत का नाही?” हा प्रश्न मला सोसायटीच्या बैठकीत विचारला जातो, भाजी घेताना विचारला जातो आणि अलीकडे व्हॉट्सॲपवर परदेशातील चित्रफितीसह विचारला जातो. त्या चित्रफितीत अमेरिकेतील कुठल्याशा शहराचा रहिवासी माइकसमोर उभा असतो, त्याच्यापुढे तीन मिनिटांचे घड्याळ असते आणि लोकप्रतिनिधी निमूटपणे ऐकून घेत असतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या महापालिकांत तो नाही. माझे पहिले उत्तर एवढेच आहे. ते देताना हल्ली माझा आवाज चढतो, हेही मला ठाऊक आहे.

आपली सर्वसाधारण सभा जनतेसाठी खुली असते, म्हणजे गॅलरीत बसून पाहण्यासाठी खुली असते. खाली बोलतात ते नगरसेवक आणि विचारले तर अधिकारी. गॅलरीतून कुणी गोंधळ घातला, तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार पीठासीन व्यक्तीला असतो. मी त्या गॅलरीत बसले आहे. आमच्या भागाचा विषय कार्यपत्रिकेवर असताना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झालेली मी पाहिली आहे. पुढे तो विषय आला तेव्हा फक्त त्याचा क्रमांक वाचला गेला, ‘मंजूर, मंजूर’ असा गलका झाला आणि मी पिशवीतून चष्मा काढेपर्यंत सभा पुढच्या विषयावर गेली होती.

इतर मार्ग आहेत, असे मला सांगण्यात येते. आहेत. लोकशाही दिन आहे. पण तिथे अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. माझ्या दारातील चेंबर तुंबला तर मी जाऊ शकते, संपूर्ण पेठेच्या मलवाहिनीबद्दल मात्र नाही. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जाऊ लागली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तिथेही नागरिक अर्ज भरतो आणि निर्णय दुसरीकडे होतो.

सभागृहात नसले तरी समक्ष बोलण्याची एक संधी मला मिळाली होती, आणि विचारणाऱ्यांना नेमके तेच माहीत नसते. आमच्या वस्तीमागील मोकळ्या भूखंडावर जुन्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण होते; नव्या प्रारूप आराखड्यात ते वगळून जागा निवासी दाखवली होती. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार अशा आराखड्यावर हरकती-सूचना घेतल्या जातात आणि त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. मी हरकत दाखल केली, सुनावणीचे पत्र आले आणि मी दोन्ही आराखड्यांतील तो तुकडा मोठा करून, रंगवून घेतला.

पत्रात वेळ सकाळी अकराची होती. पुकारा जेवणाच्या सुटीनंतर झाला. बाकावर माझ्या शेजारी एक कुटुंब होते, ज्यांच्या घरावरून नवा रस्ता आखला गेला होता. त्यांच्यातील आजींनी सातबाऱ्याचा उतारा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून छातीशी धरला होता. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत गेले तेव्हा सदस्यांनी मान वर न करता सर्व्हे नंबर विचारला. मी सांगितला.

“जागा तुमची?”

“नाही.”

“बाधित आहात?”

“आमची मुले तिथे खेळतात.”

“तसे नव्हे, तुमचा हितसंबंध काय?”

त्या स्वरात हेटाळणी नव्हती. ते पुढच्या हरकतीचे पान काढत होते. मी तिथे राहते, असे मी म्हणाले. “लेखी दिले आहे ना? नोंद घेतली आहे,” असे उत्तर आले आणि लिपिकाने पुढचा क्रमांक पुकारला. नकाशाच्या गुंडाळीचे रबरसुद्धा मी काढले नव्हते. जिना उतरताना मला त्या कुटुंबाचा राग आला, त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळ मिळाला म्हणून. त्यांचे घर जाणार होते, हे मला तेव्हाही कळत होते. तरीही राग आला.

पुढे समितीच्या अहवालात माझ्या हरकतीसमोर ‘अंशतः मान्य’ असा शेरा आला आणि भूखंडाचा काही भाग उद्यानासाठी राहिला. हे माझ्या अर्जामुळे घडले की कुणा वजनदार माणसाच्या शब्दामुळे, याचा उलगडा त्या शेऱ्यातून होत नाही. म्हणून ‘पाहा, बोलल्याने काम होते’ असे मला कुणी म्हटले की मी गप्प राहते.

गावात हे वेगळे आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि मतदारयादीत नाव असलेला कोणीही तिथे उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. शहरांसाठीही 2009 मध्ये कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद झाली: ठरावीक मतदान केंद्रांच्या भागातील सगळे मतदार तिचे सदस्य. माझ्या प्रभागात अशी सभा कधी बोलावली गेल्याचे मला आठवत नाही.

पूर्वी मी म्हणत असे की सभागृहात एक माइक नागरिकांसाठी ठेवा, बाकीचे आपोआप होईल. आता मोहल्ला बैठका पाहिल्यावर माझी तेवढी खात्री उरलेली नाही. तिथे ठरलेले चार-पाच जण बोलतात, पाण्यापेक्षा पार्किंगवर जास्त बोलतात, आणि घरकाम करणाऱ्या बायका त्या वेळी कामावर असतात. त्या चार-पाच जणांत एक मी असते. मात्र पूर्वीची मी लगेच विचारील की एवढ्याने हक्कच नको म्हणायचे का. आणि तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही. मार्च 2022 नंतर आमच्याकडे प्रशासक आले आणि नगरसेवकच उरले नाहीत. तेव्हा ज्या गलक्याला मी नावे ठेवत होते, तो गलका तरी असावा असे मला वाटू लागले होते, हेही खरे.

जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले, सभागृह पुन्हा भरले. प्रभागातील चारही नगरसेवकांना मी क्षेत्र सभा बोलावण्याचे निवेदन दिले. एकाने पोच दिली, दोघांच्या कार्यालयांत ते ठेवून घेतले गेले आणि चौथ्यांनी मला विचारले, “ताई, असे खरेच कायद्यात आहे का?” मी त्यांना कलमाची छायाप्रत नेऊन दिली आहे. सभा बोलावली गेली, तर प्रश्न विचारणाऱ्या तुम्हा सगळ्यांना तारीख कळवीन. कामाच्या दिवशी असली, तरी या.