पानिपत ६ मिमीत, अपडेट तिसरा: उंट, हळद आणि रिकामी अंबारी

टेबलावर ६ मिमी उंचीच्या सैनिकांनी पानिपतची लढाई खेळायचा माझा उद्योग चालूच आहे, पण मागच्या अपडेटला सात महिने झाले, सॉरी मंडळी. मधे ऑफिस, मग पावसाळा (दमट हवेत प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला की वरून पांढरी भुकटी धरते, जून ते सप्टेंबर मी स्प्रेला हातच लावत नाही), पण एकदाचा संक्रांतीच्या आधीच्या रविवारी अख्खा डाव झाला. सकाळी नऊला बसलो ते साडेतीनला उठलो. १४ जानेवारी १७६१ ची खरी लढाईपण सकाळी सुरू होऊन दुपारीच फिरली, फक्त आमच्याकडे मधे पोहे होते, त्यांच्याकडे तेही नव्हते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधीचं थोडक्यात. आमचा पाच जणांचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा फाशांचा खेळ) ग्रुप आहे, त्यामुळे पहिला प्रयत्न अर्थातच डी अँड डी स्टाईल केला, प्रत्येकाला एक सरदार, प्रत्येक तुकडीला हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), इनिशिएटिव्ह (कोणाची पाळी आधी), सगळं. एक टर्न व्हायला अडीच तास लागले आणि एकजण सोफ्यावर झोपला. गंमत म्हणजे हा खेळ मुळात उलट्या दिशेने आलाय, १९७१ च्या चेनमेल नावाच्या युद्धखेळात एक मिनी (छोटा सैनिक) म्हणजे २० माणसं धरायचे आणि १९७४ मध्ये डी अँड डी आलं तेव्हा एक मिनी म्हणजे एकच माणूस झाला. आम्ही तोच जिना सगळं सामान घेऊन उलटा चढत होतो.

तर आता ६ मिमी. एक बेस (सैनिक चिकटवलेली पट्टी) ४ सेमी रुंद, बेस म्हणजे ५०० माणसं, जमीन १ सेमीला ४० मीटर, टर्न अर्ध्या तासाचा. सहा फुटी टेबलावर सात किलोमीटर बसतात. मराठ्यांकडच्या इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती पायदळ, १६ बेस झाले, दोन्ही बाजू मिळून दोनशेच्या आत ठेवलंय कारण माझ्या पाठीलापण हिट पॉइंट आहेत. मैदान सपाट, त्यामुळे टेरेनचा खर्च जवळपास शून्य, जुनी खाकी चादर आणि बेसवर फेव्हिकॉल लावून वाळवलेला चहाचा चोथा. चोथा नीट वाळवा हां, पहिल्या लॉटला बुरशी आली होती.

वेळ खाल्ला तो उंटांनी. अब्दालीच्या जंबुरका म्हणजे उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीवर बसवलेली छोटी तोफ. मित्राच्या रेझिन प्रिंटरवर २४ उंट काढले, उंट मस्त आले पण नळ्या दोऱ्यासारख्या, सपोर्ट काढताना एकूण एक तुटल्या. मग टाचण्या नेलकटरने कापून सुपरग्लूने चिकटवल्या. स्केलच्या मानाने जाड दिसतात, पण तीन फुटांवरून निदान कळतं तरी की हा साधा उंट नाही.

दुसरं म्हणजे हळद. काशीराज पंडित अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, त्या दिवशी तिथे हजर होता, त्याने लिहून ठेवलंय की मराठे पागोट्यांचे शेव मोकळे सोडून, हाताला नि तोंडाला हळद फासून बाहेर पडले. हे वाचल्यावर साध्या रंगाची तोंडं ठेवणं मला जमेना. आता ६ मिमीच्या माणसाचं तोंड मोहरीएवढं, टूथपिकच्या टोकाने पिवळा ठिपका दिला तर लांबून सगळ्या फौजेला कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. शेवटी यलो ओकर (मातकट पिवळा) पातळ करून दिला, वरून तपकिरी वॉश (अगदी पातळ रंगाचा हात), आणि फक्त हुजुरातीच्या, म्हणजे पेशव्यांच्या खाशा फौजेच्या, १४ बेसवर. बाकीच्यांची हळद तुम्ही समजून घ्या.

आता मूळ मुद्दा, नियम. मोठी लढाई चालवताना आपण सगळे फाशांवर वेळ घालवतो, मला दोन डाव फुकट गेल्यावर कळलं की फासे निम्मे करा आणि हुकूम अवघड करा. क्रीगश्पीलमध्ये, म्हणजे प्रशियाच्या रायस्वित्सने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी केलेल्या युद्धखेळात, मधे अंपायर असतो आणि खेळणाऱ्याला अंपायर सांगेल तेवढंच कळतं. ते उचललं. भाऊसाहेब खेळणाऱ्याने एका टर्नला दोनच चिठ्ठ्या लिहायच्या, मी अंतर मोजून एक किंवा दोन टर्नने पोचवणार, आणि फाशावर १ पडला तर जासूद वाटेतच गेला. लिहिणाऱ्याला ते सांगायचं नाही! एक काळजी घ्या, पंखा बंद ठेवा, आमच्या तिसऱ्या टर्नच्या चिठ्ठ्या फ्रिजखाली गेल्या आणि तेही मी जासूद मेल्यातच धरलं.

डावीकडे गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना चेचलं, तोफा नि बंदुका बरोबर रांगेत, काम चालू होतं. तेवढ्यात गायकवाड खेळणाऱ्याला राहवलं नाही आणि त्याने घोडदळ सरळ गारद्यांच्या पुढून घातलं. झालं, स्वतःचीच माणसं समोर, गारद्यांचा मारा बंद. शप्पत सांगतो मी काही सुचवलं नव्हतं, त्याने तर पानिपतावर एक ओळ वाचलेली नाही, पण खऱ्या लढाईतही डावीकडे हाच घोळ झाला होता. उजवीकडे अब्दालीकडचा नजीबखान अर्धी चाल करून मातीचे आडोसे घालत सरकत होता (नियम: अर्धी चाल केली तर आडोसा फुकट) आणि होळकर खेळणारा तीन टर्न नुसता बसून, मग चौथ्याला हळूच मागे निघाला. सगळे तुटून पडले त्याच्यावर. तो म्हणाला, "मला चिठ्ठीच आली नाही रे." आली नव्हतीच, एक फ्रिजखाली होती.

आणि मग अंबारी. आधी नियम होता की निम्मे बेस गेले की फौज मोडते, पण त्याने पानिपत होतच नाही, दुपारपर्यंत मराठे वरचढ आणि मग नुसतं दळण. खरं तर विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि मागच्यांना अंबारी रिकामी दिसली. म्हणून नवीन नियम: अंबारी भरलेली दिसतेय तोवर दिसणाऱ्या बेसना मोराल टेस्ट (टिकतात की पळतात ते फाशावर बघणं) माफ, भाऊ घोड्यावर बसले तर हुजुरातीला हल्ल्यात दोन फासे जास्त, पण अंबारी रिकामी. आमच्या भाऊने नवव्या टर्नला ते दोन फासे घेतले, अब्दालीच्या वजिराची रांग फोडलीपण, टाळ्या वगैरे, आणि मी हत्तीवरचा टिकलीएवढा जरीपटका काढून खिशात ठेवला. दिसणारे बेस ३१, टेस्ट घ्या म्हटलं. १९ फेल.

"अरे पण मी जिवंत आहे!"

"हो, त्यांना कुठे माहितीये?"

मग अब्दालीने राखीव फौज आणि उंट सोडले, टाचण्या कामाला आल्या, दोन टर्नमध्ये खेळ संपला. शेजारच्या काकू नेमक्या तेव्हा तिळगूळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, एवढे गंभीर का बसलात रे सगळे.

३१ पैकी १९ जरा जास्तच झालं असं माझं मत, पुढच्या वेळी आधी फक्त मागची रांग टेस्ट देईल आणि पळाली तर तिच्यापुढची. मराठ्यांच्या जड तोफांचे गोळे शत्रूच्या डोक्यावरून जायचे, त्याचा नियम केला होता तो किचकट झाला, उडवला.

राहिलेत ते बुणगे. बाजारकरी, यात्रेकरू, बायका-पोरं, १२ बेस प्रिंट करून, प्रायमर मारून खोक्यात पडलेत. नऊवारीचा काष्टा ६ मिमीवर एका ब्रशस्ट्रोकमध्ये येतो हे करून बघितलंय, त्यामुळे रंगाचं टेन्शन नाही. टेबलावर ठेवल्यावर ते करणार काय, हे अडलंय. सध्या एवढंच लिहिलंय की जागा अडवतात, त्यांच्यातून जाणाऱ्या बेसची चाल निम्मी, आणि त्यांच्यावर हल्ला केला तर फासे टाकायचे नाहीत. ती शेवटची ओळ लिहून मी वही मिटली होती. कोणी काही वेगळं केलं असेल तर सांगा, पुढचा डाव होळीनंतर.