लेबलवर चेरी, जिभेवर काळा बेदाणा

सांगली, रविवार, ११ जानेवारी २०२६

संक्रांत तीन दिवसांवर आल्यामुळे आज संध्याकाळी स्वयंपाकघरात तीळ भाजणे चालू होते, आणि त्याच वेळी बाहेरच्या खोलीत भाची अमेरिकेतल्या मिशिगनहून आणलेली स्टाउट या काळ्या बिअरची बाटली उघडत होती. दोन्ही भाजके वास एकमेकांत मिसळावेत असे कोणी ठरवले नव्हते. परंतु पहिला घोट घेण्यापूर्वीच माझे नाक अर्धे तयार झाले होते, ही गोष्ट आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तिळाचा वाटा किती आणि बाटलीचा किती, याची खात्री मला स्वतःलाच देता येणार नाही.

बाटली अर्ध्या लिटरची आणि मद्यांश १२.४ टक्के. आपल्याकडे बिअर शॉपीत मिळणारी ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअरसुद्धा ८ टक्क्यांच्या वर जात नाही, त्यामुळे हा आकडा वाचूनच मी भाचीला म्हणालो, "अगं, ही बिअर आहे की औषध?" परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येते; त्यांतला हा अर्धा लिटर तिने दोन स्वेटरांत गुंडाळून खास माझ्यासाठी आणला. मद्यसेवनाचा आजन्म परवाना माझ्याकडे कित्येक वर्षे आहे, पण तो भाचीसमोर वापरण्याची वेळ येईल असे तो काढताना वाटले नव्हते. ती तिकडे अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे या विषयात ती गुरू आणि मी शिष्य असा आजचा थाट होता.

लेबलवर लिहिले होते की ही स्टाउट बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या ओक पिंपात १४ महिने मुरवलेली असून तीत आंबट चेरी, कोको, व्हॅनिला आणि लॅक्टोज घातले आहे. चेरी हे फळ मला फारसे ठाऊक नाही. काश्मीरची गोड चेरी मे-जूनमध्ये कधी तरी खोक्यातून येते, आणि बेकरीच्या केकवरची लालभडक चेरी तर बहुधा पाकात शिजवून रंगवलेले आपले करवंदच असते. भाची सांगत होती की अमेरिकेतल्या आंबट चेरीपैकी बहुतांश एकट्या मिशिगनमध्ये पिकते आणि तिकडे ती नुसती खाण्यापेक्षा 'पाय' नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थात, रसात आणि वाळवून अधिक खपते. वाळवून, हा शब्द ऐकल्यावर माझे कान टवकारले, कारण मी सव्वीस वर्षे बेदाण्याची प्रतवारी करून पोट भरतो आहे.

असल्या गोड स्टाउटला तिकडे पेस्ट्री स्टाउट म्हणतात. जिला इम्पीरियल स्टाउट म्हणतात ती जाड, काळी, कडक बिअर अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबाराकडे जात असे. तिच्याच या अमेरिकन नातवंडांत केक, मिठाई आणि फळांचे स्वाद भरण्याची हौस अलीकडची आहे. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. बिअरचे यीस्ट माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, साखर खाऊन तिचे मद्य करते, पण ही साखर त्याला पचत नाही, म्हणून ती तशीच मागे राहते आणि पेयाला साईसारखा जाडपणा आणि गोडी देते. इतके ऐकून मी सुखावलो होतो, परंतु गेल्या वर्षीची आठवण मनात होतीच.

गेल्या वर्षी तिने याच जातीची, दुसऱ्या कोणा कारखान्याची रासबेरी घातलेली बाटली पाठवली होती आणि मी ती "मुरू दे अजून" म्हणून माळ्यावर ठेवली. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने, पत्र्याखालच्या माळ्यावर, ज्या दिवसांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. जूनमध्ये बूच उघडताच अर्धी बाटली फेसाच्या रूपाने कॅलेंडरवर आणि माझ्या सदऱ्यावर गेली. फळातली उरलेली साखर उष्णतेत पुन्हा आंबली असणार. जी अर्धी राहिली तिला सोया सॉसचा आणि जुन्या चिंचेच्या कोळाचा वास येत होता. आयुष्यभर शेतकऱ्यांना "माल कोल्ड स्टोरेजला लावा, घरात ठेवू नका" असे सांगणाऱ्या माणसाने हे करावे, यावर घरात जे काही बोलले गेले ते येथे लिहीत नाही.

म्हणून या वेळी बाटली आल्या दिवसापासून फ्रिजमध्ये उभी होती आणि आज उघडण्यापूर्वी पाऊण तास बाहेर काढून ठेवली. अशी बिअर बर्फासारखी थंड घेतली तर जीभ बधिर होते आणि वास बाहेर येत नाही. बारा-तेरा अंशांवर ती बोलू लागते, असे भाचीचे म्हणणे. मी सवयीने स्टीलचे पेले काढले होते, ते तिने परत फडताळात ठेवायला लावले आणि कोणे एके दिवाळीत एका व्यापाऱ्याने भेट दिलेले, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते असे दोन काचेचे पेले शोधून काढले.

बिअर ओतताना मला गुऱ्हाळ आठवले. काकवी भांड्यातून भांड्यात ओतताना जशी धार न तुटता खाली येते आणि शेवटी जराशी कलते, तशी ही धार आली. फेस थोडाच आला, तपकिरी, आणि मिनिटभरात पेल्याच्या कडेला एक बारीक कडे ठेवून विरला. पेला ट्यूबलाइटसमोर धरला तर मध्ये पूर्ण काळोख आणि फक्त काठाशी, जेथे थर पातळ होतो तेथे, कोकमाच्या आगळासारखी लाल रेघ.

नंतर पेला नाकाशी नेला. आधी जळकी कॉफी, त्यामागे खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास, आणि मग एक असा वास आला की मी पेला खाली ठेवून भाचीकडे पाहिले. "यात बेदाणा आहे," मी म्हणालो. तिने लेबल पुन्हा वाचून दाखवले. बेदाणा नव्हता. मी पुन्हा वास घेतला. होता. आणि तोही कोणता, तर काळा. दोन हंगाम कोल्ड स्टोरेजमध्ये राहिलेला पंधरा किलोचा बॉक्स उघडून आतला प्लास्टिकचा कागद बाजूला केला की जो गोडसर, किंचित दारूसारखा वास वर येतो, नेमका तोच.

येथे थोडे धंद्याचे लिहिणे भाग आहे. द्राक्षाचा बेदाणा करताना घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर मोडतो आणि आतले पाणी लवकर निघते. मग तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या माळावरील शेडमध्ये रॅकच्या जाळ्यांवर तो माल दोन आठवड्यांच्या आसपास सुकतो. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. पिवळा माल हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. आमची सगळी धडपड एकाच गोष्टीविरुद्ध असते: माल काळा पडता कामा नये. हवा लागून साल तपकिरी होऊ लागते, सुकण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की रंग जातो, शीतगृहात वेळेवर न लावलेला पिवळा मालही हळूहळू तांबूस पडत जातो. सौद्यात हिरव्या आणि पिवळ्या मालापुढे व्यापारी गर्दी करतात आणि काळ्याच्या ताटातला एखादा दाणा दातांत धरून, मान हलवून, पुढे सरकतात. मी स्वतः हजारो वेळा तसा पुढे सरकलो आहे.

आणि भाची मला शांतपणे समजावत होती की पिंपाचे मोल ज्या अनेक गोष्टींसाठी मोजतात, त्यांत एक म्हणजे हीच हवा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की दर वेळी नव्या, आतून जाळलेल्या ओक पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेले सुमारे २०० लिटरचे पिंप त्या कारखान्याच्या लेखी बर्बनच्या कामातून गेले, आणि ते स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांकडे किंवा बिअरवाल्यांकडे जाते. लाकडातून व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा वास उतरतो, जळक्या थरातून कॅरॅमल उतरते, लाकडात मुरलेली व्हिस्की परत बाहेर येते. आणि फळ्यांमधून महिनोन्महिने आत झिरपणारी थोडीशी हवा त्या काळ्या माल्टच्या गोडीला मनुकेच्या, सुक्या अंजिराच्या आणि शेरी वाइनच्या वळणावर नेते. ही हवा जास्त झाली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. बेताची आली तर बाटलीची किंमत वाढते.

हे ऐकताना मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवली. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद बंद करून ठेवत, तेव्हा हवेला आत वाव नसे, आणि पेवातून निघालेल्या हळदीचा रंग उजळतो असे जुने लोक सांगत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि बरीचशी संपली. पेव आणि पिंप यांचा धर्म उलट. एकाने हवा कोंडायची, दुसऱ्याने ती मोजून आत घ्यायची. काळाच्या हाती माल सोपवायचा एवढेच दोघांत सारखे, आणि आमच्या शीतगृहाला तेही मान्य नसते.

आता चवीकडे येतो. पहिला घोट अप्रतिम होता, याबद्दल शंका नाही: खरपूस, जाड, शेवटी छातीत उतरणारी व्हिस्कीची ऊब. दुसराही चांगला लागला. तिसऱ्या घोटाला मात्र मी दमलो. लॅक्टोज, व्हॅनिला आणि कोको यांनी मिळून जिभेवर अशी साय धरली की पुढचे काही ओळखूच येईना, आणि मला वाटले की ही माणसे गोड कोठे थांबवायचे हे विसरली आहेत. आपल्याकडे पुरणपोळीशेजारी कटाची आमटी असते ती शोभेला नसते. तिसऱ्या पोळीपर्यंत माणूस पोहोचतो तो त्या आंबट-तिखट आमटीच्या जोरावर. या पेल्यात आमटी कोठे आहे, असे मी भाचीला विचारलेही.

ती म्हणाली, "मामा, दहा मिनिटं थांबा. हातात धरून ठेवा."

थांबलो, आणि मग चेरी आली. पेला तळहातात कोमट होत गेला तसा आधी कडू बदामासारखा एक वास वर आला. चेरीच्या कोयीचा तो वास असतो म्हणे. नंतर घोटाच्या अगदी शेवटी, सगळी गोडी उतरून गेल्यावर, जिभेच्या दोन्ही कडांना एक बारीक आंबट चिमटा बसला. फळाची ताजी चव म्हणावी तर तिचा मागमूसही नव्हता, आणि लेबलवर चेरीचे एवढे मोठे चित्र छापणाऱ्याला मी थोडा खोटारडाच म्हणेन. परंतु तो चिमटा नसता तर मी पेला अर्ध्यावर सोडला असता. चेरीने तेथे फळाचे काम सोडून आमटीचे काम पत्करले होते.

मध्येच एक चूक केली. सवयीने समोर भडंगाची वाटी होती, तिच्यातली मूठभर तोंडात टाकून वर घोट घेतला. मीठ आणि शेंगदाणे या बिअरशी छान बसतात, पण लसूण-मिरचीचा तिखटपणा मद्याने असा पेटला की डोळ्यांत पाणी आले. भाची हसली आणि आतून मामी काय झाले ते पाहायला बाहेर आली. तिने पेला हातात घेतला, वास घेतला, आणि "होमिओपॅथीच्या औषधात गूळ विरघळवल्यासारखं आहे" एवढे सांगून ती तिळाकडे परत गेली. तिच्या एका वाक्यात मद्य आणि काकवी असे दोन्ही आले, हे मात्र मान्य केले पाहिजे.

मग मी कपाटातून नमुन्याच्या दोन पिशव्या काढल्या. एक पिवळा बेदाणा, गोल, चकचकीत, ज्याला यंदा सगळ्यात चांगला भाव लागला होता. आणि एक काळा, एका शेतकऱ्याचा पावसात सापडलेला माल, जो कोणी उचलला नाही म्हणून त्याने नमुनाही परत नेला नव्हता. पिवळा दाणा बोटांत दाबला तर रबरासारखा परत फुगला; खाऊन वर घोट घेतला तर कच्चा, आंबट आणि गंधकाची पुसट धग असलेला लागला. काळा दाणा दाबला तो दबूनच राहिला, बोटाला चिकटला. तो चावून घोट घेतला, आणि दाणा कोठे संपला व बिअर कोठे सुरू झाली हे मला सांगता आले नाही. भाचीनेही करून पाहिले. तिने आणखी तीन दाणे घेतले आणि विचारले, "मामा, याला भाव काय मिळतो?" मी सांगितला. ती काही बोलली नाही. मीही विषय वाढवला नाही.

अर्ध्या लिटरमध्ये आम्हा दोघांचे पुरेपूर झाले. बाटलीच्या तळाशी दोन-तीन चमचे गढूळ गाळ राहिला होता, तो भाची बेसिनमध्ये ओतत होती तेव्हा मी तिला थांबवले. चिनी मातीच्या लहान वाटीत त्या काळ्या मालाचे सात दाणे घालून वर तो गाळ ओतला आहे आणि वाटीवर बशी झाकून ती फ्रिजमध्ये, तिळाच्या डब्यामागे ठेवली आहे. सकाळी मार्केट यार्डात जाण्यापूर्वी एक दाणा काढून पाहीन, आणि बाकीचे सहा संक्रांतीपर्यंत हलवणार नाही.